रोज एक चाफा कमी

आमच्या खोलीला कुलूप बाहेरून असायचं आणि माझा भाऊ आत असायचा.

कल्याण पूर्वेला चाळीत दहा बाय बाराची खोली. बाबा डोंबिवलीच्या एमआयडीसीत कापड रंगवायच्या कंपनीत हेल्पर होते. त्या आठवड्यात कंपनीत कुठला रंग चाललाय ते आम्हाला त्यांच्या नखांवरून कळायचं. मी नववीत असताना ते गेले. मग आई डोंबिवलीत चार घरी पोळ्या-भाजीला जायला लागली. मी शाळेत. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, पण त्याला शर्टाची बटणं लावायला अर्धा तास लागायचा आणि एक वाक्य बोलायला त्याहून थोडा कमी. एकदा तो फिरत फिरत रुळांपर्यंत गेलेला. त्या दिवसापासून कुलूप.

आईने करायचं ते सगळं केलं. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, असाच राहणार. गावचा भगत म्हणाला, उतरेल. आईने दोघांचंही ऐकलं आणि दोघांनाही मनातून सोडून दिलं. संध्याकाळी दिवा लावताना ती एकच मागायची. "याला माझ्या आधी एक दिवस ने. एकच दिवस." लहानपणी मला वाटायचं सगळ्या आया असंच काहीतरी मागतात. ही बाई काय मागतेय ते कळलं तेव्हा मी कॉलेजात होते.

मी बी.कॉम. झाले. आईच्या आणि बाबांच्या दोन्ही घराण्यांत पहिली पदवी माझी, हे मी आजही कुणी न विचारता सांगते. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये नोकरी लागली. स्थळंही यायला लागली. पाहुणे चहा घ्यायचे, दादाकडे बघायचे आणि विचारायचे, "आईनंतर याचं कोण बघणार?" मी म्हणायचे, मी. मग स्थळ परत यायचं नाही.

बाई आमच्या आयुष्यात आल्या त्या सुताराला शोधत. चाळीच्या टोकाला एक सुतार राहायचा. तो भेटला नाही, पण परत जाताना त्यांना आमच्या कुलूप लावलेल्या दारामागून आरती ऐकू आली. दादाला सगळ्या आरत्या पाठ आहेत, फक्त तो त्या एकमेकींत मिसळतो. बाई खिडकीशी गेल्या. त्यांनी तीन तास बाहेर आमच्या पाण्याच्या पिंपावर बसून खिडकीतून त्याच्याशी गप्पा मारल्या. आई कामावरून आली तर दारात ही बाई. कॉटनची साडी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. आईला वाटलं कुणीतरी तक्रार केली, पोलिसांकडून आल्यात.

"आत कोण आहेत?" बाईंनी विचारलं.

"मुलगा आहे माझा. डोक्याने कमी आहे जरा."

"नाव काय त्यांचं?"

'त्यांचं' म्हटल्यावर आईने मागे वळून बघितलं, आणखी कोण उभं आहे म्हणून. दादा तेव्हा एकतीस वर्षांचा होता आणि तोपर्यंत त्याला कुणी 'अहो' म्हटलेलं नव्हतं. आईने नाव सांगितलं, बाळकृष्ण. घरात बाळू म्हणतो, तेही सांगितलं.

बाई खिडकीकडे वळून म्हणाल्या, "बाळकृष्णराव, सोमवारी सकाळी सात वाजता ठाकुर्लीला या. काम आहे." आणि निघून गेल्या. आई म्हणाली, "बाई चांगली आहे, पण तिचंही डोकं जरा..."

ते काही पूर्ण खोटं नव्हतं.

बाईंनी ठाण्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं मशीनची ड्रॉइंग काढली होती. पर्समध्ये बारा इंची स्टीलची पट्टी कायम. माझं पदवीचं प्रमाणपत्र मी त्यांना मोठ्या अभिमानाने दाखवायला नेलं, तर त्यांनी फ्रेमवर पट्टी लावली आणि म्हणाल्या, "अभिनंदन. डावीकडे दोन मिलिमीटर कमी आहे, फ्रेमवाल्याकडून करून घे." छत्री बारा महिने. चहा मोजून, सगळ्यांना एकाच उंचीपर्यंत. कपात कमी-जास्त दिसला तर पुन्हा ओतायच्या. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "ड्रॉइंग पास झालं नाही."

त्यांचे वडील टेंभी नाक्याजवळ राहायचे, कीर्तनकार होते. सगळ्यांत एकच आत्मा भरून राहिलाय, कमी नाही की जास्त नाही, हे ते आयुष्यभर लोकांना सांगत आले. "आणि आमचे धाकटे काका माळ्यावर," बाई सांगायच्या. "बाळकृष्णरावांसारखेच होते. कीर्तनाची मंडळी घरी जेवायला आली की काकांना माळ्यावर पाठवायचे आणि शिडी काढून घ्यायचे. खाली अद्वैत, वर काका." मग पट्टी टेबलावर आपटून म्हणायच्या, "तत्त्वज्ञान म्हणजे ड्रॉइंग असतं. साइटवर उतरलं नाही तर तो कागद फुकट."

ठाकुर्लीला स्टेशनपासून पाच मिनिटांवर तळमजल्याच्या दोन खोल्या, ही त्यांची साइट. तिथे दादा धरून त्याच्यासारखी सात मोठी माणसं यायची. बाई त्यांना मुलं म्हणू द्यायच्या नाहीत. "चाळीस वर्षांच्या माणसाला मुलगा म्हणता, मग तुमच्या साहेबांना काय म्हणाल?" सकाळी सातला सगळे गोल उभे राहायचे. बाई एकेकासमोर जाऊन हात जोडायच्या, नाव घेऊन, डोळ्यांत बघून. मग तो माणूस त्यांना हात जोडायचा. कुणाला हात जोडायला दोन मिनिटं लागली तर बाई दोन मिनिटं उभ्या. कुणी उशिरा आला, गॅसवाला आला, मीटर बघणारा आला, तरी हेच. मीटर बघणारा पहिल्या वेळी इतका घाबरला की रीडिंग न घेताच गेला.

काम होतं फुलपुड्यांचं. डोंबिवली-ठाकुर्लीत सकाळी पूजेची पुडी दाराच्या कडीला अडकवलेली लागते, ते आमच्याकडे दुधाइतकंच पक्कं आहे. बाई पहाटे कल्याणच्या फुलबाजारातून माल आणायच्या. झेंडू, शेवंती, जास्वंद, दूर्वा, तुळस. आणि सोनचाफा, तोही मोजून, कारण चाफा फक्त ज्यांनी सांगितलाय त्यांच्याच पुडीत. पुडी पानात बांधायची, दोऱ्याने. प्लास्टिक नाही. मग जोडीजोडीने जवळच्या इमारतींत वाटायला जायचं. दादाला आकडे वाचता येत नाहीत. तो घरं माणसांवरून ओळखायचा. कुत्र्याचं घर, खोकल्याच्या आजोबांचं घर, गाणं लागतं ते घर. पहिल्या दोन महिन्यांनंतर त्याची एकही पुडी चुकली नाही. निदान आम्हाला तसं वाटलं.

पहिल्या दिवशी मी त्याच्यासोबत गेलेले. तो दोऱ्याची गाठ मारत होता. मारत होता, मारत होता. माझी लोकल चुकत होती. मी सवयीने त्याच्या हातातून दोरा घेतला आणि गाठ मारून दिली. टेबलावर पट्टी आपटली.

"ते काम त्यांच्या हातात होतं."

"बाई, मी फक्त मदत..."

"हातातलं काम काढून घ्यायचं नाही. तोंडातलं वाक्य काढून घ्यायचं नाही. इथे दोनच नियम आहेत, तू दोन मिनिटांत एक मोडलास. शिकलेली आहेस ना?"

शिकलेली आहेस ना, हे मला लागलं. कारण दुसरा नियम तर मी रोज मोडायचे. दादाला कुणी काही विचारलं की उत्तर मीच द्यायचे. मला वाटायचं त्याचे कष्ट वाचतात.

तिसराही एक नियम होता, पण तो पाहुण्यांसाठी. 'बिचारा' म्हणायचं नाही. म्हटलं की बाहेर ओट्यावर बसून जुडीभर दूर्वा निवडायच्या. एकदा एक पुढारी द्राक्षांची पेटी आणि फोटोवाला घेऊन आले. आत येता येता म्हणाले, "बिचाऱ्यांसाठी काहीतरी करावं म्हटलं." बाईंनी त्यांना ओट्यावर बसवलं आणि दादाला देखरेखीला दिलं. दादाने त्यांच्या दूर्वा बघितल्या आणि निम्म्या परत केल्या. त्या दोन पानी होत्या. पुढाऱ्यांचा पांढरा शर्ट घामाने भिजला. जाताना बाई त्यांना म्हणाल्या, "पुन्हा या. हात बसेल हळूहळू."

अशी चार वर्षं गेली. मग आईचं हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पोळ्या बंद केल्या, जिने बंद केले. दादा दिवसभर ठाकुर्लीला असायचा, पण बाकीच्या वेळी? त्याला हाताला धरून उठवायचं, आंघोळीला बसवायचं, ते आईला जमेना. मी सकाळी सातला घर सोडून रात्री आठला येणार. आई पुन्हा दिव्यासमोर तेच मागायला लागली, या वेळी मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

बाईंनी हे ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ड्रॉइंग अपुरं होतं. दिवसाचा मजला काढला, राहण्याचा काढलाच नाही." टेंभी नाक्याचं वडिलांचं घर, तो माळा, ती शिडी, सगळं विकून त्यांनी ठाकुर्लीच्या खोल्यांसमोरच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन जोडलेले फ्लॅट घ्यायचं ठरवलं. ही सात माणसं आणि त्या स्वतः, कायमचं. दोन मदतनीस. संस्था, आश्रम असलं काही नाही. दारावर नावांची पाटी, जशी इतरांची असते.

आणि सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप पेटला. कुणीतरी मला स्क्रीनशॉट पाठवले. आपल्याकडे लहान मुली आहेत. लिफ्टमध्ये काही झालं तर जबाबदार कोण. फुलं देतात ते ठीक आहे, पण राहायला? सेक्रेटरींनी लिहिलं होतं की विषय जनरल बॉडीत घेऊ, आणि त्यांचा स्वतःचा ठाम विरोध आहे. घर विकणाऱ्याने कळवलं, सोसायटीची ना हरकत नसेल तर मी व्यवहार करणार नाही. टेंभी नाक्याचं घर तर गेलेलं.

याच दिवसांत बाईंचं दुसरंच एक भांडण चालू होतं. फुलबाजारात. रोज एक चाफा कमी. त्या मोजून पंचवीस आणायच्या, वाटायच्या वेळी चोवीस. त्यांनी फुलवाल्याला पट्टी दाखवून दाखवून हैराण केलं.

"बाई, चार वर्षं तुम्हाला माल देतोय. एका चाफ्यासाठी चोरी करेन का मी?"

"मग काय तो रोज उडून जातो?"

"आता ते मला काय माहीत. तुमच्याकडे कोण खातंय का बघा."

बाई चिडल्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासमोर दोनदा मोजायला लागल्या. तरी वाटायच्या वेळी चोवीसच.

जनरल बॉडी रविवारी सकाळी होती, इमारतीखाली पार्किंगमध्ये. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, टेबलावर बिसलेरी. मी रात्र जागून दोन पानी भाषण लिहिलं होतं. त्यात कायद्याची कलमं होती, समान हक्क होते, शेवटी मुद्देसूद विनंती होती. आमच्या घराण्यात असं भाषण लिहिता येणारी मी पहिलीच. दादा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या शेजारी बसला होता. आई मागच्या रांगेत, पदर तोंडाला लावून.

सेक्रेटरी उभे राहिले. बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी खिशातून एक पाकीट काढलं.

"विषयावर येण्याआधी एक गोष्ट सभेसमोर ठेवतो. माझ्या पुडीत साधी फुलं सांगितलेली आहेत. हा विषय निघाल्यापासून रोज माझ्या पुडीत एक सोनचाफा येतोय. मी सांगितलेला नसताना. मी एकूण एक जपून ठेवलाय." त्यांनी पाकीट टेबलावर उपडं केलं. तपकिरी झालेले, वाळलेले चाफे. वास अजून होता, पहिल्या रांगेपर्यंत आला. "याला आमच्या बँकेत लाच म्हणायचे."

पार्किंगमध्ये कुजबुज सुरू झाली. मी बाईंकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्या गोंधळलेल्या दिसल्या. त्या उठल्या, टेबलाशी गेल्या आणि चाफे मोजायला लागल्या. सगळ्यांसमोर. एकोणीस.

"एकोणीस दिवस," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग वळल्या. "बाळकृष्णराव, हे तुम्ही घातलेत?"

"हो," दादा म्हणाला.

झालं, सगळं गेलं असं वाटलं.

"का?"

दादा उभा राहिला. तो उभा राहतो ते बघण्यासारखं असतं, आधी एक हात, मग दुसरा, मग सगळा दादा. त्याचं तोंड हललं. आवाज आला नाही. पहिल्या रांगेतून कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, "ताई, तुम्हीच सांगा ना. त्याला कुठे जमणार आहे." मी उठलेच होते. भाषण हातात होतं. तेवढ्यात मनगटावर गार लोखंड टेकलं. बाईंची पट्टी.

"त्यांचं वाक्य आहे," बाई म्हणाल्या. मग सभेला म्हणाल्या, "थांबा जरा."

आणि काय झालं कुणास ठाऊक, सभा थांबली. इतकी माणसं, सगळी घाईची. वर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. एक गृहस्थ घड्याळ बघायला लागले तर त्यांच्या बायकोने त्यांचा हात खाली केला. दादा शब्द शोधत होता, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तो मिळायची वाट बघत होते.

"काकूंना," दादा म्हणाला.

कुणाला काही कळलं नाही. सेक्रेटरी म्हणाले, "कुठल्या काकू?"

दादाने त्यांच्याकडे बोट केलं. "तुमच्या. भिंतीवर." मग पुन्हा बराच वेळ. "हार प्लास्टिकचा." आणखी वेळ. "त्याला वास नाही."

कुकरची दुसरी शिट्टी झाली.

सेक्रेटरींच्या पत्नी दीड वर्षापूर्वी गेलेल्या. पुडी त्यांनीच लावली होती, यांनी ती बंद केली नव्हती एवढंच. त्यांचं दार सकाळी उघडंच असायचं, म्हणून दादा त्यांची पुडी कडीला न अडकवता हातात द्यायचा, तेव्हा समोरच्या भिंतीवरचा काकूंचा फोटो त्याला दिसायचा. तो तर आधीपासून दिसत होता. पण आधी त्याला खरा हार असायचा, आणि तो बदलून प्लास्टिकचा आला त्या दिवसापासून दादाने चाफा घालायला सुरुवात केली. सभेचा विषय त्याच आठवड्यात निघाला, हे त्याला कुठून माहीत असणार.

बाई म्हणाल्या, "बाळकृष्णराव, चाफा मोजलेला असतो. न विचारता घेतलात, ही चूक आहे."

"हो," दादा म्हणाला.

"सेक्रेटरी, मी माफी मागते. माझ्या साइटवरची चूक आहे. पण एक सांगते, काम त्यांच्या हातात आहे. मी ते काढून घेणार नाही. तुम्हाला चाफा नको असेल तर तुम्ही त्यांना सांगा."

सेक्रेटरी टेबलावरचे चाफे एकेक करून पुन्हा पाकिटात भरत होते. बराच वेळ लागला त्यांना. कुणी त्यांना मदत केली नाही, आणि ते बरोबर झालं. मग खुर्चीत बसून म्हणाले, "ठराव घ्या. माझी हरकत मागे."

हात वर झाले. सगळे नाही. दोन घरांनी विरोधात मत दिलं, त्यातले एक अजून दादा लिफ्टमध्ये असेल तर जिन्याने जातात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी अट घातली की गच्चीत पापड वाळत असताना कुणी वर यायचं नाही. बाईंनी ती लिहून घेतली. माझी दोन पानं कुणी ऐकलीच नाहीत, अजून पर्समध्ये आहेत. मला त्याचं वाईट वाटत नाही. त्या सभेतलं सगळ्यात चांगलं भाषण माझ्याच भावाने केलं.

जाताना बाई सेक्रेटरींना म्हणाल्या, "उद्यापासून तुमच्या नावावर एक चाफा लिहू?"

"लिहा," ते म्हणाले. "आणि त्यांनाच पाठवा."

'त्यांना' म्हणाले. आईने या वेळी मागे वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाई दादाला घेऊन फुलबाजारात गेल्या. त्यांनी फुलवाल्यासमोर उभं राहून हात जोडले, नाव घेऊन, डोळ्यांत बघून. "चोर आमच्याकडे होता. तुमची माफी मागायला आणलंय त्यांना, आणि मलाही." फुलवाल्याने दादाच्या हातात एक चाफा ठेवला आणि म्हणाला, "हा मोजू नका, बाई." बाईंनी तो मोजलाच.

तीन वर्षं त्या तिथे राहिल्या. मग एक दिवस किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. "साइट ताब्यात दिली. आता ड्रॉइंगवालीचं इथे काम नाही," म्हणाल्या, आणि सावंतवाडीला धाकट्या बहिणीकडे गेल्या. त्यांचा फोटो लावायचा आम्ही विषय काढला तर म्हणाल्या, "माणूस आहे अजून, हार कुणाला घालताय?" आठवड्यातून एकदा फोन करतात. कशी आहेस वगैरे विचारत नाहीत. "आज चाफे किती आले?" दादा फोन घेतो आणि सावकाश सांगतो. त्या थांबतात.

माझं लग्न झालं. आता दादाकडे पाहुणी म्हणून जाते आणि त्याने केलेला चहा पिते, सगळ्या कपांत सारखा. आई मागच्या मे महिन्यात गावी जाऊन महिनाभर राहिली, तीस वर्षांत पहिल्यांदा. परत आल्यावर मी विचारलं, दिव्यासमोर अजून ते मागतेस का. म्हणाली, "नाही. देवाला सांगितलं, ते राहू दे. तुझ्या सोयीने ने, मला आधी नेलंस तरी चालेल."

ठाकुर्लीला तिसऱ्या मजल्यावर एका दारावर सात नावं आहेत, त्यातलं तिसरं बाळकृष्ण. त्या दाराची कडी आतल्या बाजूला आहे आणि ती दादा लावतो.